कपाटातला साठचा बल्ब

आमच्या घरात ज्ञानाचा दिवा एकतीस वर्षं अखंड तेवत राहिला.

हे वाक्य मी एका निमंत्रणपत्रिकेसाठी लिहून दिलं होतं आणि ते छापूनही आलं. त्यात खोटं काही नाही. फक्त अखंड म्हणजे दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरपर्यंत, आणि दिवा म्हणजे साठ वॉटचा पिवळा बल्ब. वडिलांच्या पुस्तकांच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या रिकाम्या कप्प्यात, जाळीच्या पिंजऱ्यात तो बसवलेला होता. पत्रिकेत एवढा तपशील मावत नव्हता.

लोणावळ्यातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. बाहेरचे लोक इथे पाऊस बघायला येतात, भिजतात, कणीस खातात आणि रविवारी संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन कोरडे होतात. आम्हाला ती सोय नाही. चार महिने मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, धुतलेला टॉवेल पाचव्या दिवशी वाळतो आणि तोवर त्याला वास लागलेला असतो. चपलेवर हिरवं, भिंतीवर काळं आणि चामड्याच्या पट्ट्यावर पांढरं उगवतं. म्हणून बऱ्याच घरांत एका तरी कपाटात बल्ब जळत असतो. कुणाचा लग्नातल्या साड्यांसाठी, कुणाचा घराच्या कागदपत्रांसाठी. आमचा पुस्तकांसाठी.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादा रेल्वेत घाटातल्या सिग्नलच्या कॅबिनवर होते. सातवीपर्यंत शिकलेले. पवन मावळातल्या आमच्या गावात, आमच्या वस्तीतून नोकरीला लागलेले पहिले. पगार झाला की एक पुस्तक घ्यायचं, जयंतीच्या स्टॉलवरून दोन घ्यायची, असं करत चारशेच्या वर पुस्तकं जमली. त्यांतली निम्मी त्यांनी वाचली आहेत. उरलेली 'वाचायचीत' असं ते अजून सांगतात. वय वर्षं चौऱ्याऐंशी.

कॅबिनवरच्या माणसाला एक सवय आयुष्यभर राहते. दिवा लागलेला आहे की नाही, एवढंच तो बघतो. लागलेला असला की सगळं ठीक. दादांच्या खाटेवरून कपाटाच्या दोन दारांमधली फट दिसायची आणि त्या फटीतून उजेडाची एक उभी पिवळी रेघ. जेवण झालं की ते रेघेकडे एकदा बघून घ्यायचे आणि मग पाठ टेकायचे. कपाट मात्र उघडायचं नाही. आषाढ पौर्णिमेला आमचा वर्षावास सुरू होतो, त्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी वाचायचा ग्रंथ ते आधीच बाहेर काढून घेत आणि नंतर अश्विन पौर्णिमेपर्यंत दाराला कुणी हात लावायचा नाही. उघडलं की ओल आत शिरते, हा त्यांचा नियम. नियम चांगला होता. आमच्यावर जे उलटलं त्यात या नियमाचाही वाटा आहे, पण ते पुढे.

गेल्या वर्षी दादांनी ठरवलं, की पुस्तकं गावाला द्यायची. गावच्या विहाराशेजारी पोरांनी एक खोली बांधली होती. पत्र्याची, पण आत फरशी. तिथं वाचनालय करायचं आणि अश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपेल त्या दिवशी, पुस्तकं सुपूर्द करायची.

"मी गेल्यावर तुमी काय करणार हायसा त्यांचं?" दादांनी विचारलं.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं असल्यामुळे तोंडाला येईल ते चांगलं उत्तर देण्याचा मला सराव आहे. पण दादांना ते चालत नाही. तर मग ठरलं. पुस्तकांना फक्त हा एक पावसाळा काढायचा होता.

आणि त्याच पावसाळ्यात विजेच्या बिलाने मान वर काढली.

विजेचं बिल हा मराठीतला एक दुर्लक्षित गद्यप्रकार आहे. मी तो निवृत्तीनंतर बारकाईने वाचायला लागले. त्यात स्थिर आकार नावाची गोष्ट आहे, ती दर वेळी वाढते. वहन आकार आहे, म्हणजे वीज आपल्यापर्यंत आली त्याचं गाडीभाडं. इंधन समायोजन आहे, त्याचा अर्थ मी तीन जणांना विचारला आणि तिघांनी मला तीन वेगवेगळे, पण सारखेच दुःखी चेहरे दाखवले. शेवटी खरी मेख अशी की महिन्याला शंभर युनिटच्या आत राहिलात तर एक दर आणि एकशे एकाव्या युनिटपासून दुपटीच्याही वर. सिलिंडर आधीच वर गेलेला. निवृत्तिवेतन तेवढं जागचं हललं नव्हतं. स्थिर म्हणायचं तर त्याला म्हणावं.

मीटर दादांच्या नावावर आहे. घर त्यांचं, ते नोकरीत असतानाच बांधलेलं, आणि आई गेल्यावर आम्ही दोघं त्यांच्याजवळ राहायला आलो. त्यामुळे बिल आलं की आधी ते चष्मा लावून आपलं नाव वाचतात, मान डोलावतात आणि कागद माझ्या नवऱ्याकडे देतात. "पाहुणं, बघा तुमी." बारा वर्षं एका छपराखाली राहूनही जावई त्यांच्यासाठी पाहुणाच आहे.

माझा नवरा तळेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीत होता. चौतीस वर्षं लोकलने गेला-आला. ज्या दिवशी निवृत्त झाला त्या दिवशी नारळ, शाल आणि घड्याळ घेऊन आला, पण कारखाना काही तिकडे सोडून आला नाही. तिथल्या भिंतींवरच्या पाट्या, मोहिमा, सप्ताह आणि शपथा हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं होतं आणि त्याला दोन वर्षं वाव मिळाला नव्हता. जूनचं बिल बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी काळजी म्हटलं असतं. पण ते तसं नव्हतं. त्याला काम मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला. वर ठळक अक्षरांत 'ऊर्जा बचत मोहीम', खाली तारीख, मीटरचा आकडा आणि शेरा. रोज सकाळी सात वाजता छत्री घेऊन हा बाहेर जाऊन मीटर वाचायचा. प्रत्येक बटणाखाली 'गरज नसल्यास बंद करा' अशी पट्टी चिकटली. दादांच्या खोलीत एकच बटण, त्याच्याखालीही. दादांनी ती पट्टी वाचली आणि म्हणाले, "बंद केल्यावर मला पट्टी दिसणार कशी?"

गिझरचं वेळापत्रक लागलं. एकदा पाणी तापलं की तिघांनी ओळीने आंघोळ उरकायची, मध्ये खंड नाही. सव्वासहाला दादा, साडेसहाला मी, पावणेसातला तो. पहिल्या आठवड्यात मी दोनदा उशीर केला आणि माझ्या नावापुढे तक्त्यात शेरा पडला. आठ दिवसांनी फ्रिज बंद झाला, कारण बाहेरच इतकं गार आहे तर आत गार करायचं कशाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूध नासलं तेव्हा होतं, पण तोवर मला वाद घालायचा कंटाळा आला होता.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. बचत करून माणूस दमतो, हे कुणी लिहून ठेवत नाही. दिवसभर आपण काही तरी बंद करत असतो. दिवा बंद, पंखा बंद, टीव्ही भिंतीतून बंद. संध्याकाळी ओल्या घरात एका दिव्याखाली तिघं बसायचो आणि कुणी उठून दुसऱ्या खोलीत गेलं की दोघं त्याच्या पाठीकडे बघायचो, हा तिकडचा दिवा लावतोय की काय. माझंही एक पाप होतं. नवरा संध्याकाळी फिरायला गेला की मी इस्त्री लावून ओले कपडे वाळवायची. पावसाळ्यात इथे सगळेच करतात. इस्त्रीला वीज किती लागते हे मला माहीत होतं आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. दादा खाटेवरून सगळं बघायचे. एकदा हळूच म्हणाले, "माझं बनियान पण घे. पाहुणं यायच्या आत."

या मोहिमेत कपाटाचा बल्ब सापडणारच होता. नवऱ्याने हिशेब करून मला दाखवला. साठ वॉट, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे त्रेचाळीस युनिटं. "अगं, घरातली सगळी उपकरणं एका बाजूला आणि हा एकटा एका बाजूला. हाच आपल्याला शंभराच्या बाहेर काढतो."

"दादा बंद करू देणार नाहीत," मी म्हटलं.

"बंद कोण करतंय? बदलायचा. नऊ वॉटचा एलईडी. उजेड उलट जास्त."

दादांना विचारलं. त्यांनी कानामागे हात धरून दोनदा ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला. "दिवा ऱ्हाईल ना चालू?"

"चोवीस तास," नवरा म्हणाला. "आणि पंधरा हजार तासांची गॅरंटी."

दादा राजी झाले. आषाढ पौर्णिमेला आठ दिवस होते. नवऱ्याने पिंजऱ्यातला जुना बल्ब काढला, नवा बसवला, आणि तो काढलेला, शिवाय माळ्यावर दादांनी जपून ठेवलेले सहा, असे सातही बल्ब त्यांच्या खोक्यासकट घंटागाडीत दिले. कारखान्यात नको असलेल्या वस्तूंना लाल चिठ्ठी लावून बाहेर काढायची पद्धत होती. त्याने खोक्याला खरोखर लाल चिठ्ठी लावली होती. मग दादांनी वर्षावासाचा ग्रंथ बाहेर काढून घेतला आणि कपाट बंद झालं.

त्या संध्याकाळी फटीतली रेघ पिवळीच्या जागी पांढरी दिसली. चांगलीच ठसठशीत. दादांनी बघितली, म्हणाले, "झाक हाय," आणि पाठ टेकली.

मी मराठीची शिक्षिका, नवरा चौतीस वर्षं क्वालिटीत, वडील रेल्वेत. घरात तीन निवृत्तिवेतनं येतात. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की एकतीस वर्षं तो बल्ब पुस्तकांना उजेड दाखवायला लावलेला नव्हता. बंद कपाटात पुस्तकांना उजेड काय करायचाय? तो जळत होता तो उबेसाठी. आणि एलईडीची सगळी कीर्तीच मुळी तो तापत नाही अशी आहे, तसं खोक्यावर छापलेलंही होतं.

जुलैचं बिल सत्त्याण्णव युनिटांचं आलं. नवऱ्याने पेढे आणले. तक्त्यावर सत्त्याण्णवच्या भोवती लाल शाईने गोल केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तू मनावर घेतलंस म्हणून झालं." मी पेढा खाल्ला. इस्त्री कपाटामागे अजून कोमट होती.

ऑगस्टच्या शेवटी गावच्या वाचनालयाच्या समितीतून फोन आला. पत्रिका छापायची आहे, पुस्तकं नेमकी किती, कोणकोणती, आणि पहिल्या पानावर काही तरी भारदस्त लिहून द्या. भारदस्त मी लिहून दिलं, ते वर आलंच आहे. नेमका आकडा वहीत होता आणि वही कपाटात. दादा नाराज झाले, पण पत्रिकेत आपल्या पुस्तकांचा आकडा छापून येणार म्हटल्यावर नियमाला एक दिवस सुट्टी मिळाली.

मी दार ओढलं. आधी वास आला. बंद पडलेल्या घराचा येतो तसा. मग दिसलं. एलईडीच्या स्वच्छ पांढऱ्या उजेडात सगळं फार स्पष्ट दिसत होतं, तेवढं एक त्याचं मानावं लागेल. पुस्तकांच्या पाठींवर पांढरी लव चढलेली, नारळावर चढते तशी. मधल्या कप्प्यात ती हिरवट झालेली. एक जाड ग्रंथ ओढला तर शेजारचे दोन त्याच्याबरोबर चिकटून आले. कापडी बांधणी हाताला थंडगार आणि ओलसर लागली. मी बल्बला हात लावला. तोही गार.

दादा मागे येऊन उभे राहिले होते. कप्प्याकडे बघितलं, मग खालच्या पिंजऱ्याकडे. खाटेवर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "दिवा तर चालू व्हता."

नवरा दारात होता. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने मी स्वयंपाकघरात गेले तर फ्रिजवरचा तक्ता नव्हता. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे राहिले होते, आणि फ्रिज चालू होता.

त्या संध्याकाळी वर्षावासाचं वाचन झालं नाही. तीन महिन्यांतला तो एकच खाडा. दादा म्हणाले घसा बसलाय.

दुसऱ्या दिवसापासून जुना बल्ब शोधायची मोहीम निघाली, या वेळी तक्त्याशिवाय. नवरा बाजारातल्या एकूण एक इलेक्ट्रिकच्या दुकानात गेला. लोणावळ्यात चिक्कीची दुकानं मोजता येत नाहीत. साठचा बल्ब ठेवणारं दुकान एकही नाही. मी एकदा बरोबर गेले होते. दुकानदार ओळखीचा, हसायला लागला. "काका, गेल्याच्या गेल्या वर्षी तुम्हीच मला म्हणालात ना, हे जुने बल्ब ठेवतो कशाला, देशाचं नुकसान आहे. मी ठेवणं बंद केलं."

"मग तापणारं काय आहे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"ताई, आता तापणारं कोण मागतंय? तापत नाही म्हणून तर घेतात."

त्याने पिवळट उजेडाचा एक एलईडी दाखवला. नवऱ्याने तो दुकानातच लावून घेतला, दोन मिनिटं मुठीत धरून उभा राहिला आणि परत दिला. येताना रिक्षात तो म्हणाला, "मीच सांगितलं होतं त्याला. तसंच म्हणालो होतो, देशाचं नुकसान." मी म्हटलं, "देशाचं टळलं." हे मी बोलायला नको होतं. पण तोही थोडा हसला.

पुस्तकं आम्ही बाहेर काढली होती, पण बाहेरची हवा कपाटातल्या हवेहून कोरडी नव्हती. खिडकीबाहेर धुकं, खिडकीच्या आतही धुकं. पंखा लावला तर तो ओलच इकडून तिकडे फिरवत होता. अश्विन पौर्णिमेला सहा आठवडे राहिले होते. दादा रोज एकेक पुस्तक मांडीवर घेऊन कोरड्या फडक्याने पुसत बसायचे. फडकं पांढरं व्हायचं, पुस्तक पुन्हा दुसऱ्या दिवशी पांढरं.

लोहगडवाडीहून एक जण आमच्याकडे दर मंगळवारी अंडी घेऊन येतो. घरचं छोटं पोल्ट्रीचं शेड आहे, आणि शनिवार-रविवारी गडाच्या पायथ्याशी ट्रेकवाल्यांना भजी नि चहा. त्या मंगळवारी मोटरसायकल लावून आत आला, तर ओटीवर, खाटेवर, खुर्च्यांवर सगळीकडे पुस्तकं उघडी पडलेली.

"आबा, परीक्षा हाय का काय?" त्याने दादांना विचारलं.

दादा हसले नाहीत, म्हणून मी सगळं सांगितलं. त्याने रेनकोटची टोपी मागे टाकली आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुमी एलईडी लावला? उबेला?"

नवऱ्याने मान डोलावली.

"न्हाई, म्हंजी मी कारखान्यात न्हवतो कदी," तो म्हणाला. "पर एवढं आमच्या पिल्लांना बी कळतं. गार दिवा लावला तर त्येच्या जवळ यायची न्हाईत."

"तुमच्याकडे कसला असतो?" मी विचारलं.

"शंभरचा. पिवळा. पिल्लं आली की आठ दिस लावावाच लागतो. कामशेतला एक जण ठेवतो पोल्ट्रीवाल्यांसाठी. पर मावशी, आता मी बी कमी केलेत. बिल बघितलं का तुमी? पिल्लू वाचवायचं का बिल, असं झालंय. निम्म्या शेडला शेगडी लावली कोळशाची. धूर व्हतो लय, पिल्लं खोकतात." हे तो हसत सांगत होता, पण डोळ्यांखाली आलेलं काळं शेगडीचं नव्हतं. "माझ्याकडं पाच-सहा हायेत बघा शिल्लक. देतो आणून."

"तुम्हाला लागतील की," नवरा म्हणाला.

"ही खेप निघून गेली बाजारात. नवी पिल्लं दिवाळीनंतर." मग दादांकडे बघून, "आबा, तुमची पिल्लं जगवू आधी."

पुढच्या मंगळवारपर्यंत तो थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी अंड्यांच्या ट्रेमध्ये, अंड्यांच्या जागी वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार बल्ब घेऊन आला. पैसे घेईना. "दोन डझन जास्त घ्या म्हंजी झालं." आणि जाताना रिकामे ट्रे पण ठेवून गेला. पुस्तकं फरशीवर नका ठेवू, या ट्रेवर ठेवा, खालनं हवा जाते. मावळात राहून हे आम्हाला सुचलं नव्हतं, क्वालिटीतसुद्धा नाही.

शंभरचा बल्ब कपाटात लागला तेव्हा पहिल्या दिवशी घरभर जळक्या पिसांचा वास सुटला. बल्बवर शेडची धूळ होती, ती भाजली. दुसरा बल्ब ओटीवर पुस्तकांच्या मध्ये, वायरला लोंबता. पंखा दिवसभर. आम्ही तिघं ट्रेवर पुस्तकं पालथी घालायचो, दोन तासांनी उलटायचो, वाळलेली कपाटात, ओली बाहेर. दादांनी कॅबिनसारखी पाळी लावली. दुपारी दोन ते चार नवऱ्याची. त्याने ती एकदाही चुकवली नाही. ट्रेजवळ बसून तो पुस्तकं उलटता उलटता वाचायलाही लागला, आणि एकदा मला हाक मारून म्हणाला, "अगं, हे चांगलं लिहिलंय." लग्नाला पस्तीस वर्षं झाली.

सगळी वाचली नाहीत. छत्तीस गेली. त्यांत मला एक गंमत दिसली, बाकी दिवस गमतीचे नव्हते म्हणून लक्षात राहिली. बुरशीला कापडी बांधणी आणि जाड खळ आवडते. सोनेरी अक्षरांचे, भरजरी कव्हरांचे, मान्यवरांच्या प्रस्तावना असलेले ग्रंथ पहिले गेले. जयंतीच्या स्टॉलवरच्या पातळ कागदाच्या, दोन टाचण्या मारलेल्या पुस्तिका जवळजवळ सगळ्या टिकल्या. त्यांना कुणी खळ लावलीच नव्हती.

बिलाचं सांगायचं तर त्या महिन्याचं दोनशे युनिटांच्या वर गेलं. दादांनी नाव वाचलं, मान डोलावली, कागद पाहुण्यांकडे दिला. नवऱ्याने आकडा बघितला आणि फोनवरून भरून टाकलं. शेरा काही मारला नाही.

अश्विन पौर्णिमेला टेम्पोने पुस्तकं गावी गेली, आणि समितीने घेतलेल्या नव्या कपाटाच्या तळाला बसवायला अंडीवाल्याचा एक बल्बही. पत्र्याच्या खोलीपुढे मंडप, बॅनर, त्यावर सहा जणांचे फोटो, त्यांतल्या एकाचाही पुस्तकांशी संबंध नव्हता. दादांचा फोटो कोपऱ्यात, आधार कार्डावरचा. त्रिशरण-पंचशील झालं, मग सत्कार. अध्यक्ष तालुक्याहून आले होते आणि पुढचा कार्यक्रम असल्यामुळे पंचवीस मिनिटंच बोलले. पत्रिकेतलं माझं वाक्य त्यांनी तीनदा वापरलं. ज्ञानाचा दिवा, अंधारातला दिवा, एका निष्ठावंताने झंझावातात तळहाताच्या आडोशाने जपलेला दिवा. मी खाली बघत होते. शेजारी नवरा आणखी खाली बघत होता. अंडीवाला मागच्या रांगेत उभा होता, त्याला मीच बोलावलं होतं. तो कुणाशी तरी अंड्यांच्या भावाबद्दल बोलत होता.

मग दादांना माइक दिला. सगळ्यांना वाटलं ते भारावून बोलतील, डोळे पुसतील. फोटो काढणारा पुढे झाला. दादांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"कपाटाच्या तळाला शंभरचा बल्ब लावलाय. एलईडी लावू नका. पावसाळ्यात बंद करू नका. उघडून हात लावून बघत जावा, नुसता उजेड बघू नका. बिल येईल, ते भरा."

आणि खाली बसले. टाळ्या जरा उशिरा पडल्या, कारण भाषण संपलंय हे लोकांना कळलं नव्हतं. आभार मानणाऱ्याने त्यातूनही काही तरी प्रतीकात्मक काढलं. बिल म्हणजे समाजाचं ऋण, असं काही. समितीच्या खजिनदाराने मात्र मंडपाच्या मागे मला गाठून विचारलं, "ताई, शंभरचा म्हणजे महिन्याला किती येईल हो?" त्या दिवसभरातला पुस्तकांबद्दलचा खरा प्रश्न तेवढाच. मी त्याला बहात्तर युनिटं सांगितली. त्याने बोटावर काही मोजलं आणि म्हणाला, "वर्गणी काढू." तेव्हा मला वाटलं, पुस्तकं जगतील.

घरी आलो. कपाट रिकामं, दारं सताड उघडी, आणि खाटेवरून दादांना समोर नुसता पत्रा दिसत होता. दोन-तीन दिवस ते जेवल्यावर तिकडे बघायचे आणि लगेच भिंतीकडे कूस करायचे. मी दारं लावून घेतली. नवऱ्याला म्हटलं, तो बल्ब काढून ठेवा आता, दिवाळीनंतर अंडीवाल्याला परत देऊ. तो हो म्हणाला.

नोव्हेंबरात थंडी पडली. एका संध्याकाळी दादांच्या खोलीत गेले तर कपाटाच्या फटीत पिवळी रेघ. मला वाटलं नवरा विसरला. त्याला विचारलं तर म्हणाला, "दादांनी सांगितलं, राहू द्या." माणसाला एकतीस वर्षांची सवय असते, असं मी स्वतःशी म्हटलं, आणि त्यावर आणखी बरंच काही, जे मी एखाद्या पत्रिकेसाठी लिहूनही दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात दादांची तीन बनियनं आणि कानटोपी होती. मधल्या कप्प्यात नवऱ्याची दोन.